बोअर रात्रीत आकसलं कसं? वाचकांची पत्रं, मापाच्या टेबलावरून

जून लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. साखर कारखान्यांचे बॉयलर गार झालेले असतात, टर्बाइनची वरची केसिंग उचललेली असते, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या शॉपांत 'अर्जंट' लिहिलेले जॉब रांगेत पडलेले असतात. एकतीस वर्षं मी स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला ठेवलेल्या मोजमापाच्या खोलीत, काढली. त्यातल्या शेवटच्या बारा वर्षांत प्रत्येक उन्हाळा कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये गेला. त्यामुळे ही पत्रं वाचताना तेलाचा वास येतो. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. दोन उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न तेवढ्या तोलाचे आहेत.

ताई, मी शिरोलीत व्हीटीएल (उभ्या अक्षाचं मोठं लेथ) चालवतो. टर्बाइनच्या बेअरिंग हाउसिंगचं बिडाचं कास्टिंग होतं. बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ३२० मि.मी., सूट शून्य ते अधिक ५७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). स्टँडर्ड रूममधल्या रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) बोअर डायल (भोक मोजायचं काट्याचं साधन) सेट करून आणला, मशीनवरच मोजलं, अधिक ४० आलं. निवांत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडर्ड रूमवाले म्हणतात उणे १४, बोअर लहान आहे, रिजेक्ट. सुपरवायझर म्हणतात माझा हात चुकला. सतरा वर्षं हेच काम करतोय. बोअर रात्रीत आकसतं का? — एक मशीनिस्ट, शिरोली

आकसतं. तुमचा हात चुकलेला नाही आणि स्टँडर्ड रूमही चुकलेली नाही. दोघांनी मोजलं ते एकाच जॉबचं, पण वेगवेगळ्या तापमानाला.

बीड एका अंशाला, मीटरभर लांबीत, साधारण साडेदहा मायक्रॉन वाढतं. ३२० मिलिमीटरला ते ३.३६ मायक्रॉन पडतं. तुमच्या दोन मापांत फरक आहे ५४ मायक्रॉनचा. ५४ ला ३.३६ नं भागा, सोळा येतात. स्टँडर्ड रूम २० अंशांवर धरली तर तुम्ही मोजलंत तेव्हा जॉब ३६ अंशांवर होता. मी तुमचा जॉब पाहिलेला नाही, पण तुमच्याच आकड्यांनी त्याचा ताप सांगितला. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, नुकता कट मारलेला जॉब ३६ वर असणं यात नवल काहीच नाही.

इथं बरेच जण अडखळतात. त्यांना वाटतं, लोखंड तापून फुगलं तर आतल्या बाजूलाही फुगेल आणि भोक लहान होईल. तसं होत नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. लोहार धाव शेणीच्या आगटीत तापवतो, ती मोठी होते, लाकडी चाकावर सहज बसते, आणि वरून पाणी मारलं की चाक करकचून आवळते. तुमचं बोअर म्हणजे तीच धाव. गरम असताना मोठं, गार झालं की लहान.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी झाली. बोअर लहान आहे, म्हणजे अजून कट मारता येतो, जॉब वाचतो. हाच प्रकार शाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, झाला असता तर? गरम शाफ्ट मोठा दिसतो, म्हणून आपण आणखी वीस मायक्रॉन काढतो, आणि सकाळी तो सुटीच्या खाली गेलेला असतो. तिथं परतीची वाट नाही. असा एक शाफ्ट माझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेला होता. त्यामागची तीन आठवड्यांची मेहनत मला अजून आठवते.

आता करायचं काय? सगळ्यात चांगलं म्हणजे शेवटचा कट मारण्याआधी जॉब गार होऊ द्या. चिप्स झाडा, कूलंट पुसा आणि थांबा. या मापाचं कास्टिंग तासाभरात गार होत नाही, रात्र द्यावी लागते. तेवढा वेळ नसेल तर सेटिंग रिंग स्टँडर्ड रूममध्ये ठेवू नका. ती आणि बोअर डायल, दोन्ही मशीनच्या बेडवर जॉबच्या शेजारी दोन-तीन तास ठेवा आणि मग तिथंच सेट करा. रिंग आणि जॉब एकाच तापमानाला आले की बराचसा फरक आपोआप कटतो. पूर्ण कटत नाही, कारण रिंग स्टीलची आणि जॉब बिडाचा. पण स्टील मीटरला अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं, बीड साडेदहा. १६ अंशांच्या फरकात तुमच्या बोअरला जेमतेम पाच मायक्रॉनची चूक उरते. चोपन्नच्या जागी पाच. ब्राँझचा जॉब असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, ब्राँझ अठराच्या आसपास वाढतं.

आणि मापाच्या शेजारी तापमान लिहा. दहा रुपयांची वही आणि जॉबला टेकवायचा एक साधा थर्मामीटर, एवढंच लागतं. 'अधिक ४०' हे अर्धं वाक्य आहे. '३६ अंशांना अधिक ४०' लिहिलं असतं तर सुपरवायझरना गणित मांडता आलं असतं आणि तुमच्या हातावर शंका आली नसती. २० अंश हा आकडा कुणाच्या मनातला नाही. आधी फ्रान्स शून्य अंशाला माप धरायचा, इंग्लंड ६२ फॅरनहाइटला. १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर २० सेल्सिअस ठरलं. ड्रॉइंगवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्यावरचं प्रत्येक माप २० अंशांचंच असतं. हे पत्र तुमच्या सुपरवायझरना जरूर दाखवा.

मावशी, आमच्या बॅचला डिजिटल व्हर्नियर मिळालेत. ते ०.०१ दाखवतात. मायक्रोमीटरही ०.०१ च दाखवतो. मग सर म्हणतात जर्नल मायक्रोमीटरनंच घ्यायचं, ते का? — आयटीआयची विद्यार्थिनी, कळंबा

बाळ, डिस्प्लेवर किती बारीक आकडा उमटतो आणि तो किती खरा असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझा व्हर्नियर ०.०१ दाखवतो, पण चांगल्या कंपनीचा १५० मि.मी.चा व्हर्नियरसुद्धा दोन्ही बाजूंनी ०.०२ पर्यंत चुकू शकतो, आणि बनवणारा ते कागदावर लिहूनही देतो.

कारण त्याच्या बांधणीत आहे. व्हर्नियरची पट्टी एका रेषेत असते आणि जॉब जबड्यात, त्या रेषेपासून खाली. अंगठ्यानं जरा जास्त दाबलंस की सरकता जबडा किंचित तिरका होतो आणि तेवढी चूक मापात शिरते. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत. जे मोजायचं ते पट्टीच्याच रेषेत असावं, हे एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानं १८९० मध्ये मांडलं. उद्या एकच पिन घे, व्हर्नियरच्या जबड्याच्या टोकाशी मोज आणि मग मुळाशी मोज. दोन्ही आकडे वहीत लिही. सरांना विचारायला तुझ्याकडे आणखी चांगला प्रश्न तयार होईल.

आणि पावसाळा आलाय. स्लिप गेजना (नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांना) उघड्या बोटांनी हात लावू नकोस. घामाचा ठसा आपल्या इथल्या जुलैच्या हवेत दोन दिवसांत गंज होऊन बसतो. वापरून झाल्यावर पुसून, तेलाचा पातळ हात फिरवूनच पेटीत ठेव.

ताई, मी साखर कारखान्याच्या को-जन (वीजनिर्मिती) प्लांटला फिटर आहे. मागच्या ओव्हरहॉलला टर्बाइन आणि गिअरबॉक्सचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं) शून्याला शून्य लावलं होतं, साहेबांनी स्वतः डायल बघितला. तरी लोडवर गेल्यावर तासाभरात व्हायब्रेशन चढायचं. पूर्ण हंगाम तसाच काढला. आता नवा डायल घेतलाय. या वेळी तरी बरोबर लागेल का? — एक फिटर, कागल तालुका

दादा, नव्या डायलनं हे सुटेल असं मला वाटत नाही. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'शून्याला शून्य' या दोन शब्दांतच दुखणं आहे.

गार मशीन शून्याला लावलं की गरम मशीन शून्याला राहत नाही. समजा टर्बाइनच्या शाफ्टची उंची त्याच्या पायापासून ६०० मि.मी. आहे आणि चालू असताना त्याचं पेडस्टल (बेअरिंग पेलणारा आधार) २५ वरून ६५ अंशांवर जातं. ०.६ गुणिले ४० गुणिले साडेअकरा, म्हणजे २७६ मायक्रॉन. शाफ्ट पाव मिलिमीटरहून जास्त वर उचलला जातो. गिअरबॉक्सची उंची ४५० आणि तापमान २५ वरून ५५ धरलं तर तो १५५ मायक्रॉन उचलला जातो. दोघांत १२० मायक्रॉनचा फरक राहिला. लोडवर तासाभरानं व्हायब्रेशन चढतं, कारण धातूला तापायला तेवढाच वेळ लागतो. तुमच्या मशीननं तुम्हाला हंगामभर हेच सांगितलंय.

म्हणून गार असताना टर्बाइन मुद्दाम तेवढा खाली ठेवायचा. किती, ते मी दिलेल्या आकड्यांवरून ठरवू नका. बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये तो आकडा असतो, तो शोधा. मॅन्युअल हरवलं असेल तर बंद होतानाचं माप घ्या. मशीन बंद झाल्यावर जितक्या लवकर सुरक्षितपणे कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) डायल बसवता येईल तितक्या लवकर पहिलं रीडिंग, मग दर अर्ध्या तासाला एक, पूर्ण गार होईपर्यंत. पेडस्टलचं तापमानही शेजारी लिहायचं. या वर्षी ते राहून गेलं, पण पुढच्या हंगामाच्या शेवटी नक्की घ्या.

दुसरी गोष्ट ब्रॅकेटची. डायल धरणारा आडवा दांडा स्वतःच्या आणि डायलच्या वजनानं झुकतो. वर शून्य करून खाली फिरवलात की तो झुकाव उणे रीडिंग होऊन दिसतो. हे मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात आम्ही स्पेसर कपलिंगवर (मधे लांब तुकडा असलेल्या कपलिंगवर) लांब पाइपचा ब्रॅकेट बांधला होता. टर्बाइन १२० मायक्रॉन खाली ठेवायचा होता. कड्यावरचं रीडिंग प्रत्यक्ष फरकाच्या दुप्पट येतं, म्हणून खालच्या बाजूला अधिक ०.२४ दिसेपर्यंत शिम (पायाखालचे पातळ पत्रे) काढल्या. सगळं आवरून रात्री गेस्ट हाउसवर आले आणि झोप लागेना, कारण ब्रॅकेटचा झुकाव तपासल्याचं आठवत नव्हतं. पहाटे जाऊन तोच ब्रॅकेट एका सरळ, जाड पाइपावर बांधून फिरवला. वर शून्य, खाली उणे ०.२०. म्हणजे खरं रीडिंग होतं अधिक ०.४४ आणि टर्बाइन १२० च्या जागी २२० मायक्रॉन खाली बसला होता. पुन्हा शिम घातल्या. बरोबरचे फिटर काही बोलले नाहीत, पण त्यांची रात्रपाळी माझ्यामुळे वाया गेली होती. त्यानंतर मी ब्रॅकेटवरच रंगानं त्याचा झुकाव लिहून ठेवायला लागले.

तुमची रीडिंग खरी आहेत का, ते तपासायला एक सोपी बेरीज आहे. वरचं अधिक खालचं, डावं अधिक उजवं. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. दोन-तीन शतांश मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर शिमला हात लावू नका, आधी ब्रॅकेट कुठं सैल आहे ते बघा.

तिसरी गोष्ट स्टीम पाइपची. सगळं लागल्यावर डायल कपलिंगवर तसाच ठेवा आणि स्टीमच्या फ्लँजचे बोल्ट आवळायला सांगा. काटा ०.०५ च्या पुढे हलला तर पाइप टर्बाइनला ओढतोय. तो पाइप सरळ करून घ्यावा लागेल, कितीही घाई असली तरी. फ्लँज जुळेना म्हणून चेन पुलीनं पाइप ओढून बसवलेला मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय. तिथं अलाइनमेंट कितीही छान लावलं तरी ते टिकत नाही.

आणि शेवटचं, सगळ्यांत कळकळीचं. या वर्षी कपलिंग सोडण्याआधी आहे तशी रीडिंग लिहून ठेवलीत का? बेअरिंग उघडल्याउघडल्या शिसाची तार दाबून तेलाची फट मोजलीत का? बहुतेक ठिकाणी घाण म्हणून सगळं आधी पुसलं जातं, जुन्या शिम एका डब्यात पडतात आणि मग मोजमाप सुरू होतं. तोवर मशीननं सहा महिने लिहिलेलं सगळं पुसून गेलेलं असतं. कुठल्या पायाखाली किती जाडीच्या किती शिम निघाल्या हेसुद्धा लिहा. शिम तारेत ओवून त्यांना पायाच्या नंबरची चिठ्ठी बांधा. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा कुणी असला, तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.

आमचा ऊस तोडून फडात पडला होता आणि कारखाना म्हणे टर्बाइनचा रोटर बॅलन्सिंगला पाठवलाय, वीस ग्रॅमचा फरक आहे. एवढ्या टनभराच्या लोखंडाला वीस ग्रॅमनं काय होतंय? ऊस वाळला त्याचं वजन कुणी भरून द्यायचं? — एक ऊस उत्पादक, पन्हाळा तालुका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तुमचा राग रास्त आहे. रोटर उन्हाळ्यातच तपासायला हवा होता.

पहिल्याचं सांगते. वीस ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणेसुद्धा नाहीत. पण तो रोटर मिनिटाला ३,००० वेळा फिरतो. मध्यापासून ४०० मि.मी.वर वीस ग्रॅम जास्त असतील तर त्या वेगाला ते जवळजवळ ८० किलोच्या ओढीइतका जोर लावतात. गोफणीत दगड घालून फिरवलात की हाताला जी ओढ बसते, तीच ही. आणि ही ओढ सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलते, हंगामभर, रात्रंदिवस. बेअरिंगमधला पांढरा धातू मऊ असतो, तो हळूहळू थकून सुटायला लागतो. एक टनाच्या, या वेगाच्या टर्बाइन रोटरला नेहमीच्या मानकानुसार जी सूट मिळते ती बरोबर एवढीच आहे. वजनाचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून आठ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकलेला चालत नाही. डोक्याचा केस याच्या सात-आठ पट जाड असतो. वीस ग्रॅम ही कडेची रेघ आहे. ती ओलांडून तसाच चालवला असता आणि जानेवारीत बेअरिंग गेलं असतं, तर आठ दिवसांच्या जागी महिना गेला असता आणि ऊस उभा राहिला असता.

मी गवंडी आहे, आता थकलो. मुलगा ठेकेदाराकडं जलविद्युतच्या कामावर लागलाय. तो म्हणतो तिथं इंजिनियर लोक उभ्या शाफ्टला ओळंबा लावतात आणि तो तेलाच्या बादलीत बुडवून ठेवतात. मला वाटतं पोरगं थट्टा करतंय. जन्मभर ओळंबा धरला, तेलात कधी बुडवला नाही. — राधानगरी

बाबा, पोरगं खरं बोलतंय. आणि हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल, कारण एवढ्या यंत्रांच्या गर्दीत ते काम अजून तुमच्याच अवजारानं होतं.

पाण्याच्या मोठ्या टर्बाइनचा शाफ्ट पुष्कळदा उभा असतो. वर जनरेटर, खाली पाण्यात चाक. तो शाफ्ट मीटरभर उंचीत साधारण दोन शतांश मिलिमीटरहून जास्त कललेला चालत नाही. कलला तर सगळं वजन पेलणाऱ्या बेअरिंगची एकच बाजू घासते. आता तुम्ही भिंतीला ओळंबा लावता तेव्हा डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसला तरी पुष्कळ. इथं त्याच्या पंचविसाव्या भागाइतका कल ओळखायचा असतो. म्हणून सुताऐवजी पोलादी बारीक तार लावतात, शाफ्टच्या चारी बाजूंना चार. खाली जड ओळंबे, त्यांना पंखासारख्या पट्ट्या जोडलेल्या, आणि ते तेलाच्या बादलीत. हवेत ओळंबा कितीतरी वेळ झुलत राहतो, तेल त्याला धरतं, पट्ट्या झुलणं थांबवतात, आणि तार स्थिर उभी राहते.

मग तारेपासून शाफ्टचं अंतर मोजायचं, वर आणि खाली. पण मायक्रोमीटर तारेला टेकवला तर तार ढकलली जाते. त्यावर जुन्या लोकांनी युक्ती काढली. एक बॅटरी, कानाला हेडफोन. मायक्रोमीटरचं टोक तारेला नुसतं शिवलं की वीज जुळते आणि कानात टक् होतं. त्या क्षणी थांबायचं आणि आकडा वाचायचा. समोरासमोरच्या दोन तारांच्या आकड्यांतला फरक वर एक आणि खाली वेगळा आला, तर शाफ्ट कललाय. आता लेझरची साधनंही आली आहेत, पण ही पद्धत मोडीत निघालेली नाही.

मी एकदा तशी उभी होते. पंखे बंद, दारं बंद, सगळ्यांना बाहेर काढलेलं, कारण माणूस चालला तरी तार हलते. तुम्हीही वाऱ्यात ओळंबा धरताना हाताची आड करत असाल. तुमच्या मुलाला विचारा, हेडफोन कानाला लावून एकदा ऐकायला देतात का. आणि तो टक् कसा ऐकू आला ते मला लिहून कळवा.